आधी प्रश्न नीट वाचा

१२ सप्टेंबर
शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभा राहिलो. आमच्या आयोवातली पोरं सात आठे छप्पन्न करायला फोन काढतात. गणित-विज्ञान आता मीच सुधारणार. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. लोकांच्या तळघरातल्या, घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करता करता बीजगणित शिकलो. जागा दोन, उमेदवार तीन : मी, मेव्हणा ड्वेन आणि विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका लुंडक्विस्टबाई. बाईंची कीव येते.

१५ सप्टेंबर
घोषवाक्य ठरलं : 'आधी प्रश्न नीट वाचा.' साठ पाट्या छापून आणल्या. डार्लीन म्हणाली, जेवायला तीनदा हाक मारली, ती आधी नीट ऐक. बायकोला राजकारण कळत नाही.

८ ऑक्टोबर, सकाळी
अग्निशामक दलाचा पॅनकेक नाश्ता, सगळं गाव हजर. प्रत्येक टेबलाशी जाऊन अपूर्णांकांची गणितं घातली. दोन तृतीयांशाला तीन चतुर्थांशांनी भागा, मगच पाक ओता. लोक भराभर उठून गेले. घरी जाऊन सोडवणार असतील. लुंडक्विस्टबाई नुसत्या कॉफी वाढत होत्या. मुद्दा एक नाही!

७ नोव्हेंबर
मतदान केलं. माझ्या हिरव्या पेननं मतपत्रिकेवरचे गोल भरले. रेषेबाहेर ठिपका नाही. एक मत मला. एक ड्वेनला, शब्द दिला होता. आणि एक लुंडक्विस्टबाईंनाही. पडणाऱ्याला तेवढाच आधार. मन मोठं लागतं.

८ नोव्हेंबर
एका मतानं पडलो. ड्वेन पहिला, बाई दुसऱ्या. अशक्य. फेरमोजणी मागितली.

१४ नोव्हेंबर
फेरमोजणी. आकडे तेच. एक मत बाद म्हणे : दोघांना द्यायचं तिथं तिघांना दिलंय. 'दोनच' असं वर ठळक छापलेलं असताना! मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, बघा, दोनपर्यंत मोजता न येणारी गाढवं निघतात आपल्या शाळांतून! हेच तर मी घसा फोडून सांगत होतो! कचेरीतली मॅव्हिस म्हणाली, पण भरलंय काय सुरेख, रेषेबाहेर ठिपका नाही. शाई तेवढी हिरवी आहे.
डार्लीन माझ्या खिशाकडे बघायला लागली. ड्वेन म्हणाला, दाजी, पेन झकास आहे हां.
खोकला आल्यामुळे लवकर निघालो.

१ डिसेंबर
लुंडक्विस्टबाई घरी आल्या. प्रचाराच्या पाट्या वर्गावर्गात लावायला देता का म्हणाल्या. मुलांना फार गरज आहे. 'मुलांना' म्हणताना हसल्या नाहीत. शिक्षिका चांगली असणार.
एकोणसाठ दिल्या. साठावी डार्लीननं माझ्या पेनांच्या खणावर ठोकलीय.