पापण्यांच्या कारखान्यात साहेब झालो, त्याची हकीकत

पुर्बालिंग्गा,
रविवार, चर्चहून आल्यावर

रोतुआताईस धाकट्या भावाचा होरास नि नमस्कार!

तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींच्या तळ्यातले मासे धड आहेत ना? आणि आईला खरंच कमी ऐकू येतं, की ती सोयीने बहिरी होते, तेही कळव. मी इकडे खुशाल आहे. (पत्रात असं लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं. पुढचं वाचून काय ते तूच ठरव.)

तुला वाटत असेल, साहेब झाल्यापासून गड्याला पत्र लिहायला फुरसत नाही. अगं, फुरसतच फुरसत आहे! खोट्या पापण्यांच्या या कारखान्यात मी टेबलावर माल तपासायचो, तेव्हा मान वर करायला सवड नव्हती, पण दुपारी जेवायला चटई होती. बायका डबे उघडायच्या, सार्वी मला न विचारता माझ्या भातावर मिरचीचा ठेचा थापायची, आणि "दादा, तुमच्या बाताक लोकांत हळू बोलायला बंदी आहे का हो?" म्हणून सगळ्या माझी टर उडवायच्या. मालकांनी मला विभागाचा साहेब केलं त्या दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तोंडात घास, आणि उभ्या! "बसा, साहेब," म्हणाल्या. मी बसलो. मग कुणी बोलेना, कुणी चावेना. दुसऱ्या दिवसापासून मी केबिनमध्ये जेवायला लागलो. समोर भिंत आहे, भिंतीवर पाल आहे, आणि तिलाही माझ्याशी फारसं काही बोलायचं नसतं.

अशात मालकांनी मला सेमारांगला प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, माणसांना कामाची गोडी कशी लावावी आणि त्यांचं नेतृत्व कसं करावं. (आपल्या बाबांना हा सगळा विषय एका छडीत येत होता.) तिथले गुरुजी कानाला माइक लावून स्टेजवर नुसते धावत होते. म्हणे माणसं दोन तऱ्हेची. एक जात्याच आळशी, त्यांना धाक लागतो. दुसरी मनापासून कष्टाळू, त्यांना विश्वास लागतो. (भाऊजी कशात बसतात ते लिहीत नाही, पत्र तेही वाचतात.) शिवाय माणसाच्या गरजांचा एक डोंगर असतो. पायथ्याशी अन्नपाणी, त्यावर डोक्यावरचं छप्पर, मग माया, मग मान, आणि अगदी शिखरावर आपल्यात जे काही दडलंय त्याचं फुलणं. मी बघतो तर काय, मी मानाच्या पायरीवर ऐटीत बसलेलो आणि खालची मायेची पायरी गायब! हे गुरुजींना विचारणार होतो, पण तेवढ्यात त्यांनी सगळ्यांना ओरडायला लावलं. ते विचारणार "कसे आहात?" आणि आम्ही छातीच्या भात्यातून "जबरदस्त!" म्हणायचं. याने म्हणे कामगारांच्या अंगात वारं शिरतं.

वारं शिरलंच. तुला मागे लिहिलं होतं ना, आमच्याकडे पंखा लावत नाहीत, शिंक आली तर बाई उठून बाहेर पळते, कारण एकेक केस चिमट्याने उचलून दोऱ्याला गाठ मारून बसवायचा असतो. हे मला, इतकी वर्षं त्याच टेबलावर घालवलेल्या गाढवाला, आठवू नये? सोमवारी सकाळी मी "कसे आहात?" म्हणून गरजलो, अख्ख्या विभागाने एका दमात "जबरदस्त!" म्हटलं, आणि सगळ्या टेबलांवरचे केस उडाले. दुपारपर्यंत बायका एकमेकींच्या डोक्यावरून माल गोळा करत होत्या. मग मी गरजांचा डोंगर फळ्यावर काढला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? सार्वी म्हणाली, "साहेब, संडासाच्या दाराची कडी कुठल्या पायरीवर येते?" कडी बसवली. बायका मनापासून खूश झाल्या, डोंगर फळ्यावरच राहिला.

मी हार मानली असेन असं वाटलं? छे! गुरुजी म्हणाले होते, कौतुक करा, जाहीर करा. मी महिन्याची उत्तम कामगार म्हणून तुमिराहचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. आता इथली रीत तुलाही ठाऊक आहे. ज्याचं भलं झालं त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, नाहीतर लोक तोंडावर कंजूष म्हणतात. बिचारीने अख्ख्या विभागाला जेवण घातलं आणि तिच्या अंगणातल्या कोंबड्या संपल्या. पुढच्या महिन्यात उत्तम ठरायची कुणाचीच छाती होईना. ज्यांचे हात वाऱ्यासारखे चालायचे त्या बायका मुद्दाम चुका करू लागल्या. आमच्याकडून डावी पापणी लांब, उजवी आखूड असा माल गेला आणि गेला तसा परत आला. मालक फोनवर मला जे बोलले ते चर्चहून आल्यावर लिहिण्यासारखं नाही.

गुरुजींच्या पोतडीत एकच शेवटचं औषध उरलं होतं. खरा नेता म्हणजे सेवक, त्याने आपल्या माणसांची सेवा करावी. मी चहावाल्या कुस्नादीकाकांच्या हातून किटली घेतली, त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं (ते लगेच घोरायला लागले) आणि टेबलाटेबलावर चहा वाटत फिरलो. बायका माझ्याकडे बघायच्या आणि नजर खाली घालायच्या. मला वाटलं, भारावल्या. दुपारी सार्वी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, चला. एकटे काय बसलाय?"

दादा! ताई, किती दिवसांनी ऐकलं म्हणून सांगू! चटईवर मला मधोमध जागा केली. कुणी गरम मेंदोआन भजी वाढली, तुमिराहने तर आपल्या डब्यातलं अंडं दिलं. सार्वी म्हणाली, "खुर्चीचं काय घेऊन बसलात? आज आहे, उद्या नाही. जेवा पोटभर." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माल परत आला, म्हणून मालकांनी मला साहेबकीवरून काढून चहावाला केलं, असं त्यांनी धरलं होतं.

मी सांगायला हवं होतं. आधी तोंडात भजं होतं. मग भजं संपलं तरी नाही सांगितलं. रोज किटली घेऊन फिरलो आणि रोज चटईवर जेवलो. पुन्हा माझी टर उडवायला लागल्या गं! मी इतका हसलो की ठसका लागला, तर तुमिराहने पाठीत धपाटे घातले. एवढं सुख मला साहेबकीच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

शुक्रवारी मालक आले. मला पत्ता नाही, आणि या बायका, ज्या मालकांची गाडी दिसली तरी डोक्यावरचा रुमाल सावरून गप्प होतात, त्या सार्वीला पुढे घालून त्यांच्या खोलीत गेल्या. "आमच्या दादांना परत साहेब करा, चूक आमची होती," म्हणून रडल्या. मालक चक्रावले. म्हणाले, अहो, ते साहेबच आहेत, चहा वाटणं ही प्रशिक्षणातली नवी पद्धत आहे! बायका बाहेर आल्या. मी किटली घेऊन उभाच होतो. बाकीच्या माझ्याकडे न बघता टेबलावर गेल्या. सार्वी मात्र थांबली. "आम्ही तुमच्यासाठी मालकांसमोर रडलो, साहेब," एवढंच म्हणाली, आणि माझ्या हातातली किटली काढून घेऊन कुस्नादीकाकांना देऊन आली.

काल दुपारी मी पुन्हा केबिनमध्ये जेवलो. आईला माझा नमस्कार, पोरांना पापे.

तुझा,
साहाला
(आपल्या बोलीत या नावाचा अर्थ माणसांवर आपसूक पडणारा प्रभाव. बाबांची चूक पोटात घाल.)

ता. क. मालकांना मी हात जोडून म्हटलं, मला परत तपासणीच्या टेबलावर बसवा. ते म्हणाले, "ही नम्रता! आणि तुमच्यासाठी बायका रडतात!" आता शेजारचा विभागही माझ्याच गळ्यात मारलाय, आणि बाकीच्या विभागांच्या साहेबांना माणसं कशी जिंकावीत यावर मी व्याख्यान द्यायचंय. आईला व्याख्यानाचं सांग, बाकीचं तिला ऐकू गेलं नाही तरी चालेल.

ता. क. सार्वीची माफी मागितली. "बरं, साहेब," म्हणाली. यापुढे काय बोलायचं असतं ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ता. क. खरं काम राहिलंच. तुमची आणि आमची दुपारची जेवणाची वेळ एकच. जमेल त्या दिवशी फोन लावून ताटाशेजारी नुसता ठेवून दे. माझ्याशी बोलायला नको. भाऊजींवर खेकस, पोरांना भात वाढ, आईशी भांड, जे रोजचं चालतं ते चालू दे. मी इकडे डबा उघडेन. कुणी विचारलं फोनवर कोण, तर म्हणावं, कुणी नाही, आपला साहाला जेवतोय.