परक्या मातीतली पाने

आदरणीय मेवीसताईस,

धाकट्या भावाचा सादर प्रणाम. माझी प्रकृती उत्तम आहे. येथील थंडीची काळजी नसावी. तुझा गुडघा आता कसा आहे?

आज संग्रहालयाने पणजोबांना आमच्या स्वाधीन केले. गोऱ्यांनी अभ्यासाच्या नावाखाली आपल्या देशातून इकडे आणलेली त्यांची कवटी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे आणि कपाळावर शाईने आकडा लिहिलेला आहे.

धुरीसाठी आणलेली आपल्या नदीकाठची निलगिरीची पाने विमानतळावर काढून घेण्यात आली. धुरीवाचून पणजोबांना हलवले, तर त्यांचा अस्वस्थ जीव आमच्या पाठोपाठ घरात शिरेल, हे तू जाणतेसच. अखेर माझ्यासोबत आलेल्या आपल्या रोझलीनने येथील उद्यानातून निलगिरीची फांदी मागून आणली.

"मामा, झाड तर आपलंच आहे ना!"

"पण वाढलं इथल्या मातीत. पणजोबांना हा धूर ओळखू येईल का?"

"तेही शंभर वर्षं इथंच आहेत. तुमच्यापेक्षा त्यांच्याच जास्त ओळखीचा असेल!"

मला हसू आले नाही. संग्रहालयाच्या अंगणात धुरी दिली. परंतु धूर खोक्यापासून दूरच वळत राहिला. तेव्हापासून मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवतो.

कागदपत्रे अद्याप व्हायची असल्यामुळे हे पत्र आमच्याआधी पोहोचेल. आम्ही येऊ त्या दिवशी फाटकापाशी आपल्या पानांचा जाळ तयार ठेव. आपली छोटी नात टिली मला पाहताच धावेल. धुरी होईपर्यंत तिला घट्ट धरून ठेव. ती रडली तरी सोडू नकोस, आणि माझ्या आवाजात हाक आली तरीही सोडू नकोस.

तुझ्या आज्ञेतला,
क्लॅरी