काठाचे दात

रविवार, संध्याकाळ

जमले! लगेच लिहून ठेवतो.

बाबांना जाऊन महिना झाला. त्यांनी विणायला घेतलेली साडी मागावर अर्धीच आहे. आईला ती पुरी झालेली पाहायची आहे, आणि घरात माग चालवणारा आता मीच, तोही लहानपणी शिकलेला. करवती काठाचे दात पंधरा दिवस पट्टीने मोजून विणले आणि उसवले. सगळे सारखे येत, पण बाबांच्या दातांशेजारी निर्जीव दिसत. काय चुकत होते?

आज कन्हान नदीवर गेलो. बाबा दर रविवारी तिथे सुताचा तुकडा पाण्यात सोडून हात जोडून बसत. मीही सूत सोडले, आणि काठच्या वाळूकडे लक्ष गेले. पाण्याने तिच्यावर दात पाडले होते, एकीकडून लांब उतार, दुसरीकडून एकदम कडा. हे तर बाबांच्या काठाचे दात! एकही दुसऱ्यासारखा नाही. आणि मी पट्टी घेऊन बसलो होतो!

घरी येऊन पट्टीशिवाय नऊ दात विणले. आई काठावरून बोट फिरवत राहिली. बाबांचे कुठे संपले, माझे कुठे सुरू झाले, तिला सापडेना. मग तिने माझ्या पायांना चिकटलेल्या वाळूकडे पाहिले.

"काहून गा, नदीवर गेला होता काय?"

"हो."

"तुझे बाबा जात, तं मी म्हणो, काम चुकवून राहिले." पुन्हा बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "पुढच्या इतवारी मलेही ने."