समुद्रात वापरलेलं नदीचं रीळ

१४ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठीक आहे. घरी सगळे बरे असतील.

तुझी मुलगी काल माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आली आणि तुझं गळाच्या दोरीचं जुनं रीळ काउंटरवर ठेवलं, म्हणून लिहावं लागतंय. नाहीतर सहा वर्षांचा अबोला तसाच चालू राहिला असता.

रीळ मिठाने धरलंय, मूठ फिरत नाही. "बाबा म्हणतात, वीस वर्षं समुद्रात वापरलं, कधी कुरकुरलं नाही. आत्या करून देईल." शिवाय तुझा सल्ला: फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने मासे धरणं, शिकायचं तर एकच रॉड घे, नदीलाही चालतो, समुद्रालाही. रीळ हेच लाव.

मी विचारलं, "तुझे बाबा लग्नाला आणि चिखलात एकच चप्पल घालतात का?"

"घालतात की!"

दोघी हसलो.

ते रीळ नदीचं आहे, धाकट्या. खारं पाणी त्याच्या आत शिरतं. तू पाहुण्यांना मासे धरायला नेऊन आणायचास, सामान मोरीत टाकायचास आणि बाहेर गप्पा मारत बसायचास. मी ते उघडून गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, ग्रीस लावायचे. तुला वाटलं, रीळच चांगलं आहे.

सहा वर्षांपूर्वी मी घर सोडलं तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "ताईने केलं काय? बसून तर होती." मी पिशवी उचलून निघाले. ऐकून घ्यायची सवय जुनीच. कॉलेजात असताना एकदा आपल्या बाबांना म्हटलं होतं, मलाही पाण्यावर न्या. तू म्हणालास, "मग सामान कोण धुणार?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

खरं तर रिळासाठी मी लिहिलंच नसतं. मुलगी निघताना सहज म्हणाली, "धुवायचं कसं तेही दाखव ना. बाबांचं सामानही आता मीच धुवायचंय."

ती स्वतःचं धुवेल. तुझं धुणार नाही. दर रविवारी ती माझ्याबरोबर नदीवर येईल. हो, पाच वर्षं मी रॉड घेऊन पाण्यात उभी राहते आहे, तुला कुणी सांगितलं नसेल. तिला अडवलंस तर वीस वर्षांचं सगळं तिच्यासमोर मांडेन. काल मांडलं नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझं रीळ दुरुस्त होण्यासारखं आहे. मी करणार नाही.

तुझी,
अजून तरी ताई

दिलेलं सामान: नदीसाठी नऊ फुटी, पाच नंबरचा हलका रॉड, साधं रीळ, तरंगणारी दोरी. समुद्रासाठी वाऱ्याला पुरून उरणारा आठ नंबरचा रॉड, पाणी न शिरणारं बंद रीळ, त्याची दोरी. पिसांच्या खोट्या माश्या, बारा. सगळं मुलीच्या हाती दिलं. पोच तिच्या सहीची. मालकी तिची.