बत्तासाला घरात घेतलं कुणी

चारठाणा, सोमवार

ती. शिवरंजनीअक्काला धाकट्या शंभूचं वाकून शरणार्थ.

तब्येत मागून इचारतो, आधी गुन्हा कबूल करतो. मी मेलेल्या माणसाचा आवाज काढला. तोबी आपल्या आजोबांचा, मन्मथअप्पांचा. आता इचारतो: कशी हायस? पाथरीला पाणी येतंय का? दाजींची दाढ दुखायची थांबली का?

झालं असं, की परभणीच्या हेमा मॅडम रस्त्यावरची जखमी कुत्री सांभाळतात. मी अन् पप्पू तिथं उगंच गेल्तो (पप्पूला कुत्र्यांसंगं रील काढायची होती, एकानं त्याची चप्पलच पळवली). तिथं एक बारकं, एका कानाचं कुत्रं, जीपखाली सापडलेलं, माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपलं. पायाला मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला न्हाई, अक्का. माझ्यावर एवढा भरवसा आजवर कुणी टाकला न्हाई (तू तर मुळीच न्हाई). पण मॅडम लय कडक. नसबंदीचं ऑपरेशन त्यांनीच केलंय, पण रेबीजची सुई दरसाल आपण द्यायची, साखळीला बांधायचं न्हाई, नको झालं तर रस्त्यावर न सोडता त्यांनाच आणून द्यायचं, अन् घरातल्या सगळ्यांचा होकार पाहिजे. बाबांची फिकीर न्हाई, ते कारखान्यावरनं शनिवारी येतात अन् आई म्हणंल त्याला मान हलवतात. अडली ती आई. लिंगपूजेच्या घरात कुत्रं कशाला, म्हणली, एक हाय की, बारावी नापास.

आता आई ऐकते कुणाचं, तुला ठाऊक हाय. अप्पा बाहेरनं आले की दारात खाकरायचे, सुनंनं पदर घ्यावा म्हणून (गल्लीतले सगळेच म्हातारे खाकरतात, पण आपल्या अप्पांचं म्हणजे चढावरचं ट्रॅक्टर). त्यांना मळ्यात समाधी देऊन वरीस झालं, तरी दिवेलागणीला आईचा हात आपसूक पदराकडं जातो. मी तेच हेरलं. दाराबाहेर उभारून खाकरलो, काठी आपटली, अन् "असू दे मुकं जनावर" एवढंच बोललो. आत भांडं पडलं. मी मागच्या दारानं येऊन पुस्तक उघडून बसलो (ही चूक झाली, मी अभ्यास करायलोय हे आईला भुतापेक्षा खोटं वाटतं). सकाळी आईनं होकार दिला, कुत्रं आलं, नाव ठेवलं बत्तासा.

मग एका दिवेलागणीला बत्तासा उंबऱ्यात आडवा पडल्ता, तो उठला. भुंकला न्हाई. शेपूट हलवत बाजूला सरकला, अन् त्याची मान दारापासून अप्पांच्या खाटेपर्यंत हळूहळू फिरली, जसं कुणी चालत जायलंय. मग तो खाटेपाशी जाऊन बसला. मी हसून टाकलं. दुसऱ्या दिवशी काठीचा आवाज आला, मग खाकरणं. माझ्या तोंडात भाकरीचा घास होता, अक्का, मी आईच्या समोर बसल्तो. आईनं पदर घेतला अन् मला आमटी वाढली.

म्हणलं, "आई, कोण हाय?"

"तू तर न्हाईस," आई म्हणली. "अप्पा आधी काठी आपटायचे, मग खाकरायचे. तू उलटं केल्तंस. मला त्याच दिवशी कळलं."

"मग हो कामून म्हणलीस?"

"जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी सांभाळतो म्हणलास. म्हणलं, बघू."

"अन् हे?" मी दाराकडं बोट केलं.

"त्यांचा आवाज काढून बोलावलास, आले. खा गुमान."

तवापासनं रोज हेच चाललंय. मी बत्तासाला सकाळी फिरवतो, त्याचं पाणी बदलतो, सुईची तारीख भिंतीवर लिहिलीय. सगळं नेमानं करायलोय. पण मॅडम रविवारी घर बघायला यायल्यात. बत्तासा मोकळ्या दाराकडं बघून शेपूट हलवतो हे त्यांनी पाह्यलं तर कुत्रं आजारी हाय म्हणतील, न्हाईतर घर. दोन्हीत त्याला घेऊन जातील. मला ते सोसायचं न्हाई.

बाकी खुशाल. मी घाबरलो न्हाई, फक्त आईच्या खोलीत झोपतो, तिला सोबत म्हणून.

तुझा,
शंभुराज

ता.क. पत्राचं खरं कारण: मॅडम तुला फोन करणार हायत. घरात कोण कोण राहतं असं इचारतील. आई, बाबा अन् शंभू, एवढंच सांग. आवाज कापू देऊ नको.

ता.क. आणखी एक. आता हे लिहिताना बत्तासा अप्पांच्या खाटेपाशी बसलाय. डोळे मिटलेत अन् त्याचा कान आपोआप मागं दबायलाय, परत उठायलाय, जसं कुणी सावकाश हात फिरवायलंय. मॅडम म्हणल्या होत्या, घरातल्या सगळ्यांचा जीव लागला पाहिजे. लागलाय, अक्का. पण पाया पडतो तुझ्या, कुणाकुणाचा लागलाय ते कुणालाच सांगू नको. दाजींना तर न्हाईच न्हाई.