स्टँडखालचा चपटा डबा

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडेसहाच्या आत पन्नास गाड्या दारावरून गेल्या. स्टर्जिसची मोटारसायकलींची जत्रा सुरू! जोलीन म्हणाली, "आई, या आवाजात झोप तरी लागते का तुला?" म्हटलं, याच आवाजात लागते. वर्षभर तुझं ऐकून लागत नाही.

पोरीनं तिथंच विषय काढला. "एकाहत्तरची झालीस तू. नातवंडांची लग्नं व्हायला आली. गाडी आडवी झाली आणि तुला एकटीला उचलता आली नाही, तर त्या दिवशी किल्ली माझ्याकडे. कबूल?"

कबूल म्हटलं. काय म्हणणार!

३ ऑगस्ट

बर्डेटनं ओढत नेलं नव्या गाड्यांच्या तंबूत. शेजारी आहे, माझ्या नवऱ्याचा, ऑरिनचा दोस्त, म्हणून ऐकते त्याचं. "निदान बसून तर बघ, म्हातारे."

बसले. पहिलीला रेडिओ, गरम होणारी सीट, पेला ठेवायला जागा, वजन नऊशे पौंड. चाकं लावलेला दिवाणखाना! वळवायची तर आधी अर्ज करावा लागेल. दुसरी लांबलचक, पाय पार पुढे — न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं. डोंगरातल्या वळणावर पाय आधी पोचतील, मी मागून. तिसरी लाल, देखणी. रूप आहे हो, नाही कशाला म्हणू! पण इतकी गप्प, की चालू आहे का बंद ते विचारावं लागलं.

चौथी तीन चाकांची. ही जोलीनची आवडती. "आई, ही पडतच नाही." मग टेबलावरच बसते की, म्हटलं.

परत येऊन माझ्या स्पोर्टस्टरवर टेकले. एक्क्याण्णव साली घेतलेली. बर्डेट तिला 'बायकांची गाडी' म्हणतो — चौतीस वर्षं तोच विनोद, दात गेले तरी. पण दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात. टाकी एवढीशी, शंभर मैलांत पंप शोधायचा. मलाही तेवढ्यातच थांबावं लागतं! ऑरिन गेला तेव्हा त्याची मोठी गाडी महिन्याभरात विकली, डोळ्यांत पाणी नाही आलं. ही नाही विकणार.

५ ऑगस्ट

गुडघा ठणकतोय. जोलीनला सांगितलेलं नाही.

७ ऑगस्ट

काय ऊन! मेन स्ट्रीटचं डांबर लोण्यासारखं झालेलं. इथं सगळे स्टँडखाली बिअरचा चपटा केलेला डबा ठेवतात, नाहीतर स्टँड रुततो. रांगेच्या शेवटी गाडी लावली, डावीकडे कोणी नाही. समोरच मी, जोलीन आणि बर्डेट टाको खात बसलो.

अर्ध्या तासानं — धाड! माझी! डबा ठेवायचाच राहिला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

जोलीन पांढरीफटक. "आता विसरायलाही लागलीस, आई!" चार दाढीवाले धावले. म्हटलं, हात लावाल तर बघा! हँडल पूर्ण वळवलं, गाडीकडे पाठ केली, ढुंगण सीटला टेकवलं, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला. कंबर नाही वापरायची, पायानं रेटायचं, एकेक पाऊल मागे. गुडघ्यानं आईबाप आठवायला लावले. पण उभी केली! पाचशे पौंड!

टाळ्या झाल्या. बर्डेट म्हणतो, "बायकांची गाडी, हलकीच की." म्हटलं, मग तुझी आडवी कर, उचलून दाखव. त्यानं दुसरा टाको उचलला.

जोलीननं किल्ली मागितली नाही.

१० ऑगस्ट

जोलीननं माझं जाकीट धुवायला काढलं. आतल्या खिशात डबा सापडला. चपटा, कोरा, डांबराचा एक डाग नाही. वहीलाही खोटंच सांगितलं होतं मी — विसरले नव्हते, मुद्दामच ठेवला नव्हता.

पोरीनं तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "उद्या गवतावर आडवी पाड. मला उचलायला शिकव."