त्या रविवारची पट्टी

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहितेय, तेही शुद्ध मराठीत. श्रेय तुमच्या लाकडी पट्टीचं. घरात इंग्रजी शब्द निघाला की बोटांवर पट्टी, हा तुमचा नियम. चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. अमेरिकेत साउथ डकोटातल्या रिझर्वेशनवरच्या, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या मुलखातल्या, दवाखान्यात तुम्ही एकटे डॉक्टर आणि मी दहा वर्षांची.

रविवार आहे. आपल्या स्वयंपाकघरात आजोबा बसलेत. तिथल्या मूळ रहिवाशांचे ते पुढारी, पण मी आजोबाच म्हणायचे. सरकारी बोर्डिंग स्कूलमध्ये लहानपणी मार खाल्लेल्या म्हाताऱ्यांना ते एकेक करून तुमच्याकडे आणायचे. त्यांच्या वाकड्या जुळलेल्या बोटांबद्दल तुम्ही लिहून द्यावं, त्या मारहाणीच्या सुनावणीत डॉक्टरचा कागद लागेल, म्हणून महिनाभर खेटे घालत होते. तुमचं एकच, "अहो, आमचं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. मी कशाला या भानगडीत पडू?" आई पोहे वाढत होती. मी इंग्रजीत दूध मागितलं आणि तुम्ही पाहुण्यांदेखत पट्टी मारलीत. जोरात. आजोबांनी विचारलं, "का मारलं?" तुम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालात, "स्वतःची भाषा विसरू नये म्हणून." त्यांनी आपला हात टेबलावर ठेवला. दोन बोटं उघडतच नव्हती. "मला विसरावी म्हणून मारलं," ते म्हणाले. "पट्टी अशीच होती." कोणी पोहे खाल्ले नाहीत.

सोमवारी सकाळी तुम्ही मला बंद लिफाफा दिलात. "लिहिलंय सगळं. शाळेत जाताना त्यांच्या घरी दे." मी तो गणिताच्या वहीत ठेवला. दिला नाही. विसरले नव्हते, मुद्दाम दिला नाही. होऊ दे तुमची फजिती, असं वाटलं होतं. रोज त्यांच्या दारावरून जायचे, ते हात करायचे, मीही करायचे. सुनावणीत पुरावा नाही म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांना परत पाठवलं. आजोबा आपल्याकडे पुन्हा आले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात गेले. तुम्ही मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलात, "एवढं लिहून दिलं, साधं थँक्यू नाही म्हणाला माणूस!" मी ऐकून घ्यायचे.

लिफाफा समोर आहे, अजून बंद. रडू येत नाही, काहीच येत नाही. हेही पत्र त्याच वहीत जाईल. त्या रविवारनंतर तुम्ही पट्टी कधीच उचलली नाहीत, हे मला तेव्हाही कळलं होतं. माझ्या बोटांची सूज दोन दिवसांत उतरली, बाबा. सुनावणी तीन आठवड्यांनी होती.